येरवड्यातील वाचक
(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)

वाचनालयाच्या वार्षिक सभेत ग्रंथांची संख्या सांगितली जाते, सभासदांची सांगितली जाते, थकलेल्या वर्गणीचाही उल्लेख होतो. पुस्तक परत करताना वाचकाने त्याविषयी कोणते मत बनवले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. वास्तविक वाचनालयाचे फलित त्या मतातच असते. अशी नोंद प्रांजळपणे करून ठेवणारा एक वाचक पुण्याजवळच्या येरवडा तुरुंगात होऊन गेला. गांधीजींच्या सत्याग्रहांविषयी आणि उपवासांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यांच्या वाचनाविषयी फार थोडे.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली आणि त्यांची रवानगी येरवड्यास झाली. बाहेरच्या धकाधकीत वाचन मागे पडलेले होते. दक्षिण आफ्रिकेतील तुरुंगांतच काय ती सवड लाभली होती. आता समोर सहा वर्षे होती. त्यांनी दिवसाची आखणी केली: सुमारे सहा तास वाचन-अभ्यास आणि चार तास सूतकताई. वयाची चोपन्न वर्षे आणि खालावलेली प्रकृती विसरून आपण चोविशीतल्या तरुणाच्या उत्साहाने पुस्तकांपुढे बसत होतो, असे त्यांनी पुढे लिहिले. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीस सरकारने त्यांना मुक्त केले. दोन वर्षेही न भरलेल्या या काळात दीडशेच्या घरात पुस्तके वाचून झाली होती.

या पुस्तकांची यादी पाहिली म्हणजे पहिल्या प्रथम नवल वाटते ते तिच्यातील सरमिसळीचे. एकीकडे उपनिषदे, तर दुसरीकडे ज्यूल व्हर्नची साहसकथा. गटेचा ‘फाउस्ट’ आहे, बर्नार्ड शॉचे ‘मॅन अँड सुपरमॅन’ आहे, विल्यम जेम्सचा धर्मानुभवावरील ग्रंथ आहे, वेल्सचा जगाचा इतिहास आहे. आणि किपलिंगही आहे! साम्राज्याचे गुणगान करणारा कवी साम्राज्याच्याच कैद्याने साम्राज्याच्याच तुरुंगात बसून वाचावा, यात एक मौज आहे. पण मौजेपेक्षा अधिकही काही आहे. ज्याच्याशी लढावयाचे त्याचे मन कशाने घडले, हे जाणून घेण्याचे भय या वाचकास नव्हते.

या यादीतील चार ग्रंथांचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे. पहिला ‘गीतारहस्य’. लोकमान्यांनी तो मंडालेच्या तुरुंगात लिहिला आणि १९१५ साली तो प्रसिद्ध झाला. मूळ मराठी ग्रंथ आणि त्याचे गुजराती व हिंदी अनुवाद लोकमान्यांनी स्वतः गांधीजींना भेट दिले होते. मराठी जमले नाही तर निदान गुजराती तरी वाचावे, असा आग्रहही केला होता. बाहेर असताना ते झाले नाही. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले, आणि त्यांचा हा आग्रह पुरा झाला तो येरवड्यात. एका तुरुंगात लिहिलेला ग्रंथ दुसऱ्या तुरुंगात वाचला गेला! गीतेच्या अर्थाविषयी दोघांची मते जुळली नाहीत. लोकमान्यांना तिच्यात कर्मयोगाचा आदेश दिसला. गांधीजींनी अनासक्तीतून अहिंसेचा निष्कर्ष काढला. तरीही ‘अनासक्तियोगा’च्या प्रस्तावनेत गांधीजींनी लोकमान्यांच्या ग्रंथाचे ऋण आदराने मान्य केले आणि त्यामुळेच गीतेवरील आणखी ग्रंथ वाचण्याची भूक वाढली, असे नमूद केले. मतभेद असलेला ग्रंथ आधी पुरता वाचावा आणि मग मतभेद सांगावा, हा शिरस्ता आज किती जण पाळतात?

दुसरा ग्रंथ महाभारत. तो संपूर्ण वाचण्याचा योग तोवर आला नव्हता. किंबहुना त्याविषयी मनात अढी होती. रक्तपाताच्या कथा आणि झोप आणणारी लांबलचक वर्णने, एवढेच त्यात असेल, अशी समजूत होती. गुजराती अनुवादाची पाने सहा हजारांहून अधिक. पण एकदा आरंभ केल्यावर ते खाली ठेववेना आणि चार महिन्यांच्या आत ते वाचून झाले. मग गांधीजींनी जाहीरपणे लिहिले की आपली समजूत चुकीची होती. हा ग्रंथ म्हणजे जितकी खोल खणावी तितकी मौल्यवान रत्ने देणारी खाण आहे. न वाचताच मत बनवले होते, ही कबुली देण्यास लहानसहान धैर्य लागत नाही.

तिसरा ग्रंथ गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास, आणि त्याच्या जोडीला मोटलेचा डच प्रजासत्ताकाचा इतिहास. दोन्ही त्यांनी मनापासून वाचले. मात्र निर्वाळा दिला तो असा की हे ग्रंथ महाभारताच्या कनिष्ठ आवृत्त्या होत. गिबन म्हणतो, आपण केवळ घडलेलेच सांगतो. पण त्या घटनांत त्याची मते मिसळलेली असतातच. उलट महाभारतकार अद्भुताची पेरणी करून वाचकाला जणू बजावतो की, घटनांना धरून बसू नका, सत्-असतांचा झगडा पाहा.

या मताशी मात्र सहमत होता येत नाही. इतिहासकाराची मते घटनांत मिसळतात, हे खरेच. पण त्यावरचा उपाय घटनांची अधिक कसून तपासणी करणे हा आहे. घटना गौण मानणे हा नव्हे. ज्यांच्या हाती सत्ता असते, दफ्तरेही त्यांच्याच हाती असतात. नाडलेल्या माणसाजवळ, घडले ते असे घडले, एवढे सांगण्यापलीकडे दुसरे हत्यार नसते. हे गांधीजींपेक्षा कोणाला अधिक ठाऊक होते? १९१७ साली चंपारण्यात त्यांनी काय केले? निळीच्या मळेवाल्यांनी गांजलेल्या हजारो रयतांच्या जबान्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटतपासणी करून लिहून घेतल्या. विघ्यातील वीसपैकी तीन कठ्ठे जमिनीत नीळ लावण्याची सक्ती, म्हणजे ‘तीनकठिया’, १९१८ च्या कायद्याने रद्द झाली, ती या जबान्यांच्या बळावर. ‘हिंद स्वराज्या’त त्यांनीच लिहिले आहे की रमेशचंद्र दत्तांचा हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास वाचताना डोळ्यांत पाणी आले. ते अश्रू आकड्यांनी आणि घटनांनीच आणले होते. तेव्हा गिबनविषयी निवाडा देणारा वाचक आणि चंपारण्यातील कार्यकर्ता यांत निवड करावयाची झाल्यास कार्यकर्त्याची साक्ष मानणे योग्य ठरेल.

चौथा ग्रंथ मौलाना शिबली नोमानी यांचे पैगंबर-चरित्र. कोट्यवधी माणसांच्या हृदयावर ज्याची सत्ता चालते, त्याच्या जीवनातील उत्तम ते जाणून घ्यावे, या हेतूने ते वाचले गेले. इस्लामला स्थान मिळाले ते तलवारीने नव्हे. पैगंबरांचा साधेपणा, निरहंकारिता, वचनपालन आणि निर्भयता यांनी ते मिळवले, अशी खात्री झाल्याचे गांधीजींनी लिहिले. दुसरा खंड मिटताना वाचायला आणखी उरले नाही, याची त्यांना हळहळ वाटली. हे मत छापले गेले सप्टेंबर १९२४ मध्ये. त्याच महिन्यात कोहाटमध्ये भीषण दंगल झाली आणि हिंदु-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. शेजाऱ्याच्या धर्माविषयी अफवांवरून मत बनवण्याच्या त्या दिवसांत एका हिंदूने त्या धर्माचा ग्रंथ वाचून मत बनवले, आणि ते सही करून प्रसिद्ध केले. त्या मताची किंमत काय होती, हे निराळे सांगावयास नको.

मित्रहो, या वाचकाची सर्वच मते शिरोधार्य मानण्याचे कारण नाही. गिबनच्या बाबतीत ती मानता येत नाहीत, हे आताच पाहिले. त्याच्यापासून घ्यावयाचे ते निराळे आहे. विरोधकाचे पुस्तक पुरते वाचावे; न वाचलेल्या पुस्तकाविषयीची अढी सोडण्यास तयार असावे; आणि जे वाटले ते स्वतःच्या नावानिशी लिहावे.

त्यासाठी वाचनालयाला फार खर्च येणार नाही. पुस्तकांच्या देवघेवीच्या मेजावर एक कोरी वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत चार ओळी लिहाव्यात: आवडले असल्यास का आवडले, नावडले असल्यास का नावडले. पुढच्या वाचकाने त्याखाली आपला मतभेद नोंदवावा. पुढील वार्षिक सभेत अहवालाबरोबर त्या वहीतील काही पाने वाचली गेली, तर वाचनालयात वर्षभर काय घडले, हे खऱ्या अर्थाने कळेल.