गाण्याची वाहिनी बंद पडते, तेव्हा

आम्ही आसनगावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

आपल्या आया दूरदर्शनवरच्या 'छायागीत'साठी आठवडाभर थांबायच्या. १९९४ साली हाँगकाँगहून 'चॅनल व्ही' आलं आणि दिवसभर गाणी दिसू लागली. २०११ साली मराठी गाण्यांची 'नाइन एक्स झकास' आली. पण पुढे गाणी मोबाईलवर मिळू लागली. बघणारे तिकडे गेले, त्यांच्यामागे जाहिरातीही गेल्या. 'चॅनल व्ही'नं गाणी कमी करून मालिका लावल्या. तरी २०१८ मध्ये ते भारतात बंद झालं.

वाहिनी गेली, तरी तिची गाणी मोबाईलवर सापडतात. आपल्या हळदीची गाणी, धवळे कुठे सापडतील? गेल्या लग्नसराईत आमच्या धवळारीण आजी आजारी पडल्या. हळद दळताना कुणालाच पुढची ओळ येईना. शेवटी डीजे लावला. आम्हाला फार लाज वाटली.

म्हणून आम्ही ठरवलंय. दर मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की एक गाणं म्हणायचं. एकीनं वहीत लिहायचं, दुसरीनं आजींना विचारून मोबाईलवर घ्यायचं. खाली आजींचं नावही लिहायचं.

पैशाची बचत आपण करतोच. आता गाण्यांचीही करूया. तुमच्या गटात कोण गातं?