बर्फावरची नोकरी

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात अंगणवाडी सेविकांच्या मानधनावर बोलणं झालं. काम पूर्ण वेळाचं, जबाबदारी पूर्ण, पण हातात पडतं ते ‘मानधन’. वेतन म्हटलं की कायदे लागू होतात, म्हणून शब्दच बदलायचा. मी तोच शब्द धरून पुढे जाणार आहे, मात्र मुलूख फार लांबचा आहे. कॅनडा आणि अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळणाऱ्या बायकांबद्दल मला बोलायचंय. फळ्यावर विषय लिहिला तेव्हा मागच्या रांगेत हसू झालं, ते मी ऐकलं! आपल्याकडे बर्फ रसवंतीत असतो, त्यावर कोण हॉकी खेळणार? पण थोडं ऐकून घ्या.

खेळ थोडक्यात सांगते. बर्फाच्या बंदिस्त मैदानावर, म्हणजे रिंकवर, पायात धारदार पात्यांचे बूट घालून खेळायचं. चेंडूऐवजी रबराची जाड चकती. एका वेळी एका बाजूचे सहा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. सामान महाग, आणि सर्वांत महाग म्हणजे बर्फावरची वेळ. रिंक बहुधा नगरपालिकेचं, तास मोजके. मग संध्याकाळचे सोयीचे तास कोणाला? मुलांना आणि पुरुषांना. बायकांच्या संघांना रात्री नऊ-दहानंतर. आपल्या गावातल्या तालमीत नाहीतर समाजमंदिरात बायकांच्या बैठकीला कधी जागा मिळते ते आठवा, म्हणजे टोरांटो लांबचं वाटणार नाही.

१९५५ साली टोरांटोत ॲबी हॉफमन नावाच्या लहान मुलीला खेळायचं होतं. मुलींचा संघ नव्हता. केस आखूड होते, तिने ‘ॲब’ या नावाने मुलांच्या संघात नाव नोंदवलं आणि हंगामभर चांगली खेळली. इतकी चांगली, की निवडक खेळाडूंच्या संघात तिची निवड झाली. त्यासाठी जन्माचे दाखले तपासले गेले आणि बिंग फुटलं. ही बाई पुढे धावपटू म्हणून चार ऑलिंपिकमध्ये उतरली. तीस वर्षांनी त्याच शहरात जस्टिन ब्लेनी हिने मात्र नाव लपवलं नाही. मुलांच्या संघात तिची निवड झाली होती, पण नियमाने मुलगी चालत नव्हती. ऑन्टारिओ प्रांताच्या मानवी हक्क कायद्यातच क्रीडा संघटनांना असा भेदभाव करण्याची सूट होती. ती कोर्टात गेली आणि १९८६ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने ते कलम घटनेतल्या समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून रद्द केलं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. ब्लेनीला विरोध करणाऱ्यांत ऑन्टारिओची महिला हॉकी संघटनाही होती. त्यांची भीती अशी, की चांगल्या मुली मुलांच्या संघांत गेल्या, आणि उद्या मुलगेही मुलींच्या संघांत शिरू लागले, तर कष्टाने उभा केलेला मुलींचा खेळ मोडेल. भीती अगदीच खोटी नव्हती. तरीही एका मुलीची वाट अडवून बाकीच्यांचं भलं होतं, हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं ते नंतर बोलू.

१९९० साली ओटावाला बायकांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. कॅनडाच्या संघाला कोणते कपडे दिले? गुलाबी! कॅनडाचा लाल-पांढरा रंग सोडून गुलाबी जर्सी, लोकांचं लक्ष वेधावं म्हणून. त्या गुलाबी कपड्यांत त्या जिंकल्या. आठ वर्षांनी, १९९८ मध्ये, जपानच्या नागानो ऑलिंपिकमध्ये बायकांची बर्फावरची हॉकी प्रथमच आली आणि अमेरिकेने कॅनडाला हरवून सुवर्णपदक घेतलं. आता सगळं मार्गी लागेल असं कोणालाही वाटलं असतं. पण पदक एका दिवसाचं असतं आणि घरभाडं दर महिन्याचं.

पुरुष खेळाडूला अठराव्या वर्षी मोठ्या लीगचा संघ निवडून घेतो. मुलीची वाट कशी? लहानपणी मुलांबरोबर खेळायचं, कपडे बदलायला वेगळ्या कोपऱ्यात एकटीने बसायचं. मग जमलं तर अमेरिकेतल्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती. १९७२ च्या एका कायद्याने तिथल्या शिक्षणसंस्थांना मुलींनाही खेळाची संधी द्यावी लागते, त्या कायद्याचे हे उपकार नव्हेत, हक्क आहेत. आणि बावीस-तेविसाव्या वर्षी, खेळ ऐन भरात असताना, पुढे काहीच नाही. कॅनडात २००७ साली बायकांची लीग निघाली. दहा वर्षं तिने खेळाडूंना पगार दिला नाही. २०१७ पासून हंगामाला २ हजार ते १० हजार कॅनेडियन डॉलर देऊ लागले. त्यालाही पगार म्हणत नव्हते, मानधनासारखाच शब्द होता! दिवसा शाळेत शिकवायचं, ऑफिसात बसायचं, रात्री सराव, शनिवार-रविवारी सामने. अमेरिकेतली दुसरी लीग २०१५ मध्ये पगार देते म्हणून गाजली आणि दुसऱ्याच हंगामात तिने पगार कापले.

आता संपाची गोष्ट. मार्च २०१७. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातल्या बायकांनी जाहीर केलं, की घरच्याच मैदानावर होणाऱ्या जागतिक स्पर्धेत आम्ही खेळणार नाही. त्यांना संघटनेकडून ऑलिंपिकच्या आधीचे सहा महिने महिना एक हजार डॉलर मिळत, चार वर्षांतल्या बाकी काळात जवळजवळ काही नाही. वर्षभराहून जास्त बोलणी करून उपयोग झाला नव्हता. त्यांची मागणी पैशापुरती नव्हती. प्रवास, विमा पुरुषांसारखा हवा, आणि लहान मुलींच्या प्रशिक्षणावरही खर्च हवा. वकिलांनी फी न घेता काम केलं. संघटनेने काय केलं असेल? जे गिरणीमालक करत आले तेच, बदली कामगार शोधायला निघाली. कॉलेजच्या मुलींना फोन गेले, त्याहून लहान मुलींना गेले. ज्या मुलीने आयुष्यभर देशाच्या जर्सीचं स्वप्न पाहिलं, तिला ती जर्सी फोनवर देऊ केली होती. त्या एकामागून एक ‘नाही’ म्हणत गेल्या. मला या सगळ्या इतिहासात ही ‘नाही’ सर्वांत मोठी वाटते. स्पर्धा तीन दिवसांवर असताना समझोता झाला. संघ मैदानात उतरला आणि अंतिम सामन्यात, जादा वेळेत, कॅनडाला हरवून जिंकलाही.

पण राष्ट्रीय संघ म्हणजे वीस-पंचवीस जणी. बाकीच्यांचं काय? २०१९ च्या वसंतात कॅनडाची लीग पैशाअभावी बंद पडली. दुसरी लीग चालू होती, तिच्यात जाता आलं असतं. त्याऐवजी मे महिन्यात दोनशेहून अधिक खेळाडूंनी एकदम जाहीर केलं, की पोट भरेल असा पगार, आरोग्यविमा आणि नीट व्यवस्था मिळेपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याच लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. त्यांनी आपली संघटना काढली, गावोगाव प्रदर्शनीय सामने केले. मध्ये करोना आला. असं चार वर्षं चाललं. खेळाडूच्या शरीराला चार वर्षं म्हणजे काय! अठ्ठाविसाव्या वर्षी बाहेर बसली ती बत्तिसाव्या वर्षी परत येईल याची खात्री कोणी द्यायची? काही जणी आल्याच नाहीत.

जुलै २०२३ मध्ये नव्या लीगच्या मालकांशी सामूहिक करार झाला, तोही पहिला सामना होण्याआधी. आठ वर्षांचा करार. पहिल्या वर्षी किमान पगार ३५ हजार अमेरिकन डॉलर, प्रत्येक संघात निदान सहा जणींना ८० हजार किंवा जास्त, राहण्याचा भत्ता, गरोदरपण आणि बाळंतपणाची तरतूद. पुरुषांच्या लीगमध्ये त्या हंगामात किमान पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता, हेही ऐकून ठेवा. १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत पहिला सामना झाला. एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलच्या एका सामन्याला २१ हजार १०५ लोक आले. बायकांचा खेळ बघायला कोण येतं, असं विचारणाऱ्यांसाठी हा आकडा लिहून घ्या.

बाळंतपणाची तरतूद कागदावर राहिली नाही, कारण मागणाऱ्यांना ती हवी होती. केंडल कॉइन स्कोफील्ड ही या लढ्यातली पुढारी, कराराची बोलणी चालू असताना गरोदर होती. २०२३ च्या उन्हाळ्यात ती बाळंत झाली आणि त्याच हंगामात मिनेसोटाची कप्तान म्हणून तिने पहिला करंडक उचलला. टोरांटोच्या नॅटली स्पूनरचं बाळ डिसेंबर २०२२ मधलं. पहिल्या हंगामात तिने २४ सामन्यांत २० गोल केले, लीगमध्ये सर्वांत जास्त. मूल झालं की बाई कामातून गेली, हे आपण किती कारखान्यांत ऐकलंय!

आता कडू भाग. नव्या मालकांनी चालू असलेली दुसरी लीग विकत घेतली आणि बंद केली. तिथल्या खेळाडूंचे करार रद्द झाले. त्यातल्या काही जणींना नव्या किमान पगाराहून बरेच जास्त मिळणार होते. नव्या करारावर मतदान मात्र बहिष्कार घालणाऱ्या संघटनेच्या सभासदांनीच केलं, या बायकांना त्यात मत नव्हतं. पुढे सगळ्यांसाठी निवड खुली झाली, पहिल्या निवडीत ९० जणी घेतल्या गेल्या, पण सहाच संघ, जागा मोजक्या. बऱ्याच जणींची नोकरी गेली. त्या संपात नव्हत्या म्हणून त्यांना मोजायचंच नाही का? मला हे बरोबर वाटत नाही. बहिष्काराशिवाय करार झाला नसता हेही तितकंच खरं आहे. दोन्ही गोष्टी मी तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या देशाचा धागा सांगून थांबते. लडाखच्या मुली गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. हिवाळ्यातले जेमतेम दोनेक महिने बर्फ, सामान मागून आणलेलं. २०१६ मध्ये भारताच्या बायकांचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. कॅनडाची हेली विकेनहायझर, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली, २०१८ च्या जानेवारीत सामान घेऊन लडाखला या मुलींकडे आली होती. तीच हेली २००३ मध्ये फिनलंडला पुरुषांच्या संघात नोकरीला गेली होती. खेळ सोडल्यावर ती डॉक्टर झाली. आपल्या संघाने २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं.

दुपारच्या गटचर्चेसाठी दोन प्रश्न देते. ब्लेनीच्या बाबतीत त्या महिला संघटनेच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? आणि दुसरा: आपल्या पंचक्रोशीत संप होतो तेव्हा कामावर राहिलेल्या बायकांना बोलणीच्या वेळी कोण विचारतं? प्रत्येक गटाने एकीला टिपण घ्यायला बसवा. अंगणवाडीच्या ताई सगळ्या एकाच गटात बसू नका, वाटून घ्या.