काळ्या पडद्यावरचं कॅलेंडर

ब्लेचली पार्क आपल्या मिल्टन कीन्समध्येच, त्यामुळे अधूनमधून संगणकाचा विषय निघायलाच हवा. आज एका जुन्या, चिमुकल्या साधनाची ओळख. नाव कॅल. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ते आहे.

लिनक्सचा काळा पडदा, म्हणजे टर्मिनल, उघडा. सी-ए-एल टाइप करून एंटर दाबा, की चालू महिना समोर. ना जाहिरात, ना लॉगिन. पुढे महिना आणि वर्ष देता येतं. १ आणि १९६७ देऊन बघा: २३ जानेवारीला सोमवार दिसेल. आपल्या या नव्या शहराची अधिकृत घोषणा त्या दिवशी झाली. मुलांना आजी-आजोबांचा जन्मवार शोधायला सांगा, टर्मिनलची भीती आपोआप जाते.

याचंच भावंड म्हणजे एनकॅल. त्यात वार डावीकडे एकाखाली एक आणि तारखा वरून खाली उतरतात. भिंतीवरचं कालनिर्णय आठवलं ना? अगदी तशीच मांडणी! आठवडा रविवारपासून हवा तर पुढे उणे चिन्ह आणि मोठा एस. इथल्या शाळेसारखा सोमवारपासून हवा तर मोठा एम.

आता मराठी. कॅलच्या आधी, त्याच ओळीत लिहायचं: एल-सी, अंडरस्कोर, टाइम, बरोबरचं चिन्ह, एम-आर, अंडरस्कोर, आय-एन, टिंब, यू-टी-एफ, आडवी रेघ, ८. एल-सी आणि टाइम मोठ्या लिपीत, आय-एन आणि यू-टी-एफही. मराठी लोकेल संगणकावर आधी बसवलेलं असलं, की महिने आणि वार देवनागरीत येतात. रकाने थोडे हलतात, कारण टर्मिनलला आपल्या काना-मात्रांची रुंदी नीट मोजता येत नाही. मला तरी ते चालतं.

पण एक लक्षात घ्या. नावं मराठी झाली तरी कॅलेंडर इंग्रजीच राहतं. एनकॅलला उणे आणि छोटा ई दिला की ते ईस्टरची तारीख सांगतं, पाडव्याची नाही. तिथी त्याला ठाऊकच नाही. आणि आपली अडचण तर तिथीचीच असते. साधारणपणे सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. डिसेंबरात इथे आठच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा पुण्यात दुपारचा दीड वाजून गेलेला असतो. तेवढ्यात तिथी पालटलेली असू शकते. म्हणून एकादशी असो वा घरातलं श्राद्ध, पुण्याचा कागद जसाच्या तसा इथे लावू नका. इथल्या सूर्योदयाचं पंचांग बघा, आणि श्राद्धाची वेळ गुरुजींना विचारून घ्या.

त्या तारखा कॅलेंडर नावाच्या दुसऱ्या आज्ञेला देता येतात. साध्या फाइलमध्ये तारीख, मग टॅब, मग मजकूर, मराठीत लिहिलात तरी चालतो. रोज ती आज्ञा दिली, की आजची आणि उद्याची नोंद दिसते. नवं पंचांग आलं की एका रविवारी आजीला व्हिडिओ कॉलवर घ्या. तिनं वाचावं, नातवानं टाइप करावं.