खात्यांची पुनर्रचना आणि नोकरवर्ग

राज्याची किंवा एखाद्या खात्याची पुनर्रचना म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें नवा नकाशा, नवा कायदा आणि नवे अधिकारी उभे राहतात. परंतु ज्या कारकुनाच्या, शिक्षकाच्या वा पटवाऱ्याच्या हातून ही पुनर्रचना प्रत्यक्षांत उतरावयाची असते, त्याचें काय होतें, हा प्रश्न बहुधा मागाहून विचारला जातो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे; आणि त्यासाठीं यवतमाळ जिल्ह्याचें उदाहरण फार उपयोगी पडेल.

या जिल्ह्यानें आपल्या जागेवरून न हलतां अनेक राज्यव्यवस्था पाहिल्या आहेत. १८५३ च्या तहानें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १९०३ सालीं तें मध्य प्रांताला जोडलें गेलें. १९०५ सालीं वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यांत आले, तेव्हां जुन्या वणी जिल्ह्याला पुसद तालुका जोडून त्या जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाच्या इतर सात जिल्ह्यांसह तो मध्य प्रदेशांतून निघून द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. अवघ्या चार वर्षांच्या आंत दोनदां राज्य बदललें.

यांपैकीं १९५६ चा बदल नोकरवर्गाच्या दृष्टीनें सर्वांत कठीण होता. कचेरी तीच, टेबल तेंच, समोर उभा राहणारा शेतकरीहि तोच. पण राजधानी नागपूरहून मुंबईस गेली. ज्या अधिकाऱ्याला लोक डेप्युटी कमिशनर म्हणत, त्याला कलेक्टर म्हणूं लागले. नियमांचीं पुस्तकें बदललीं, नमुने बदलले, हिशेबाची पद्धत बदलली. वीस वर्षें नोकरी केलेला मनुष्य नवख्या उमेदवारासारखा पुन्हां नियम विचारूं लागला, तर त्यांत त्याची अकुशलता नव्हती. त्याचें ज्ञान दुसऱ्या राज्याचें होतें, एवढेंच.

याहूनहि मोठी काळजी ज्येष्ठतेची. दोन राज्यांचे नोकर एकत्र आले म्हणजे दोन याद्यांची एक यादी करावी लागते. एका राज्यांतील अमुक पद दुसऱ्या राज्यांतील कोणत्या पदाच्या बरोबरीचें, हें ठरविण्यांत थोडी चूक झाली तरी एखादा मनुष्य शेंकडों जागा खालीं जातो. खालीं गेला कीं बढती लांबते. बढती लांबली कीं पगार कमी राहतो. आणि पेन्शन पगारावर अवलंबून असल्यामुळें त्या एका चुकीची झळ नोकरी संपल्यावरहि त्याच्या कुटुंबास लागत राहते. म्हणून ज्येष्ठतेच्या यादीवरून तंटा करणाऱ्या नोकराला हटवादी म्हणून हिणविणें अन्यायाचें आहे.

राज्य पुनर्रचनेचा कायदा करणाऱ्यांच्या लक्षांत ही गोष्ट आली होती. त्या कायद्याच्या ११५ व्या कलमांत, नोकरवर्गाच्या वांटणींत आणि एकीकरणांत बाधित होणाऱ्या सर्वांना न्याय्य व समान वागणूक मिळावी आणि त्यांच्या अर्जांचा योग्य विचार व्हावा, यासाठीं सल्लागार समित्या नेमण्याची तरतूद झाली. बदलापूर्वीं लागू असलेल्या सेवाशर्ती, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवांचून, नोकराचें नुकसान होईल अशा रीतीनें बदलतां येणार नाहींत, असेंहि त्यांत स्पष्ट म्हटलें. पदांची बरोबरी ठरविण्यासाठीं १९५६ सालीं मुख्य सचिवांच्या बैठकींत चार कसोट्या ठरल्या: कामाचें स्वरूप, अधिकार व जबाबदारीची व्याप्ति, पदासाठीं लागणारी किमान पात्रता, आणि पगार. पगाराचा क्रम शेवटचा आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. गरीब राज्यानें कमी पगार दिला, एवढ्यावरून त्याच्या नोकराचें काम हलकें ठरत नाहीं.

दुसरी मोठी पुनर्रचना १९६२ सालीं झाली, आणि तिच्याशीं या जिल्ह्याचें विशेष नातें आहे. पुसदजवळच्या गहुली गांवचे श्री. वसंतराव नाईक हे त्या वेळीं महसूलमंत्री होते. लोकशाही विकेंद्रीकरणासाठीं १९६० सालीं नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या शिफारशींवरून झालेला जिल्हा परिषद व पंचायत समिति कायदा १ मे १९६२ पासून अंमलांत आला. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, बांधकाम अशा खात्यांचीं अनेक कामें जिल्हा परिषदेकडे गेलीं, आणि त्या कामांबरोबर त्या खात्यांचे कनिष्ठ नोकरहि गेले.

कालपर्यंत सरकारचा म्हणविणारा मनुष्य आज लोकनिर्वाचित संस्थेचा नोकर झाला. त्याला भीति वाटली ती अशी, कीं निवडणुकीच्या राजकारणांत आपली बदली आणि बढती सांपडेल. ही भीति निराधार म्हणतां येणार नाहीं. कायद्यानें कारभाराचें प्रमुखपद सरकारनें नेमलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे ठेवलें, त्याचा एक अर्थ हाच कीं धोरण लोकप्रतिनिधींनीं ठरवावें, पण नोकराची शिस्त व सेवा नियमानें चालावी. ही सीमारेषा जेथें पाळली जाते तेथें नोकर निर्भयपणें काम करतो.

तत्त्व जुनें झालेलें नाहीं. ६ जून २००५ रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचें विभाजन होऊन चार कंपन्या झाल्या. त्या विभाजनाला आधार असलेल्या २००३ च्या वीज कायद्यांतहि, नव्या संस्थेंत जाणाऱ्या नोकराच्या सेवाशर्ती पूर्वींपेक्षां कमी लाभाच्या असतां कामा नयेत, असें कलम आहे. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर कायद्यानें तेंच वचन पुन्हां दिलें.

परंतु, श्रोतेहो, कायद्यांतील वचन दिल्लीस वा मुंबईस लिहिलें जातें. तें पाळावयाचें असतें उमरखेडच्या, वणीच्या आणि पांढरकवड्याच्या कचेरींत. तेथील प्रमुखाच्या हातीं काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्याला फारसा खर्चहि लागत नाहीं.

पहिली गोष्ट, बदलाची वार्ता नोकराला त्याच्या वरिष्ठाकडून कळावी, चहाच्या दुकानांत नव्हे. जें ठरलें आहे तें सांगावें, आणि जें अद्याप ठरलेलें नाहीं तें ठरलेलें नाहीं असेंहि सांगावें. अफवेला जागा मिळते ती वरिष्ठाच्या मौनामुळें.

दुसरी गोष्ट, बदलाच्या दिवसापूर्वीं प्रत्येकाचें सेवापुस्तक पुरें करून त्यास दाखवावें. नेमणुकीची तारीख, वेतनवाढ, शिल्लक रजा, भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक, वारसाचें नांव, यांतील एक नोंद राहिली तर ती पुढें नव्या कचेरींत कोणी भरून देत नाहीं. अखेरच्या वेतनाचें प्रमाणपत्र वेळेवर न गेल्यामुळें महिनोन्महिने पगार अडतो, आणि वाण्याची उधारी मात्र थांबत नाहीं.

तिसरी गोष्ट, ज्येष्ठतेची यादी प्रथम कच्ची लावावी, हरकतींना पुरेसा अवधि द्यावा, आणि प्रत्येक हरकतीला कारणांसह लेखी उत्तर द्यावें. निर्णय विरुद्ध गेला तरी कारण समजलेला मनुष्य बहुधा पुन्हां कामाला लागतो. ज्याला उत्तरच मिळत नाहीं तो मनांतून कचेरी सोडून जातो.

चौथी गोष्ट, नवे नियम शिकविण्यासाठीं कांहीं दिवस राखून ठेवावे, आणि त्या काळांतील अजाण चुकांसाठीं दंड करूं नये. बदली करावयाचीच असेल तर मुलांच्या परीक्षा होऊं द्याव्या.

नोकरवर्गाचेंहि कांहीं कर्तव्य आहे. आपल्या नोंदींच्या प्रती स्वतःजवळ ठेवणें, अर्ज मुदतींत करणें, आणि नियम ज्याला आधीं समजले त्यानें शेजारच्या टेबलावरील सोबत्याला समजावून देणें, हें त्यानें केलें पाहिजे. ज्येष्ठतेचा निकाल लागेपर्यंत रयतेचा कागद मात्र अडवून ठेवूं नये. कारण सातबाराच्या उताऱ्यासाठीं कोसभर चालत आलेल्या शेतकऱ्याचा या वादाशीं कांहीं संबंध नसतो.

पुनर्रचना लोकांच्या सोयीसाठीं करावयाची असते. ती सोय शेवटीं ज्याच्या हातून लोकांना मिळावयाची, त्याच्या मनांतील धास्ती आधीं दूर करणें हा त्या कामाचाच पहिला भाग आहे. येथून पुढें ज्यांच्यावर असें काम येईल त्यांनीं आदेश काढण्याच्या आदल्या महिन्यांत सेवापुस्तकांचें कपाट उघडावें, एवढीच माझी विनंति आहे.