रुग्णेच्या नावची रक्कम

(नभोवाणीवरील भाषण)



१९६७ च्या डिसेंबरात केपटाऊनच्या ग्रूट स्खूर रुग्णालयात मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण झाले आणि ख्रिस्तियान बर्नार्ड हे नाव रातोरात जगाच्या तोंडी झाले. परंतु त्या शल्यचिकित्सकांच्या चमूत त्यांचे धाकटे बंधू मारियस हेही होते, आणि या धाकट्या बर्नार्डांनी पुढे सोळा वर्षांनी जे एक कार्य केले, त्याची गणना वैद्यकाच्या इतिहासात कोणी करीत नसले तरी ज्या घरात कर्करोगाने पाऊल टाकले आहे त्या घराने त्याचे स्मरण अवश्य ठेवावे. शस्त्रक्रियेने वाचवलेले आपले रुग्ण कालांतराने पुन्हा भेटतात ते देहाने सावरलेले पण संसाराने बुडालेले, हे त्यांच्या ध्यानी आले होते. कर्करोगातून उठलेली एक तरुण आई विश्रांतीच्या दिवसांतही केवळ मुलांच्या पोटासाठी कामावर जात असलेली आपण पाहिली, असे ते पुढे अनेकदा सांगत. तेव्हा त्यांनी एका विमा कंपनीचे मन वळवले, आणि १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत असा एक विमा निघाला की ज्याची रक्कम विमेदाराच्या पश्चात नव्हे, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग किंवा हृदयाची बायपास शस्त्रक्रिया यांपैकी एखादा प्रसंग ओढवताच, त्याच्या हयातीतच त्याच्या हाती पडावी.

आपल्या समाजाला विम्याची ही कल्पना अद्याप पुरती अंगवळणी पडलेली नाही, आणि त्यात आश्चर्य मानण्याचेही कारण नाही. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची वार्ता याच नभोवाणीवरून देशाला दिली, आणि त्यानंतर विमा खेडोपाडी पोहोचला हे खरे. परंतु तो पोहोचला तो मागे राहणाऱ्यांची तजवीज या अर्थानेच. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला ‘विम्याचे कागद काढा’ असे कोणी म्हणाले, तर घरातली वडील माणसे कानांवर हात ठेवतात, जणू त्या कागदांचा उच्चार म्हणजेच अशुभ. वास्तविक हा विमा ज्याला जगायचे आहे त्याच्यासाठी असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णा आढळल्या, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा रोग पुष्कळ अलीकडच्या वयात गाठतो असा येथील तज्ज्ञांचा अनुभव आहे. म्हणजे तो गाठतो ते मिळवत्या हातांना, लेकरांच्या शाळा आणि घराचे हप्ते चालू असताना.

अशा घराने पहिले काम करावे ते कपाट धुंडाळण्याचे. गंभीर आजाराचा विमा आपल्या नावावर आहे हेच कित्येक स्त्रियांना ठाऊक नसते, कारण तो त्यांनी निराळा असा घेतलेला नसतोच. आयुर्विम्याच्या पॉलिसीला ‘रायडर’ म्हणून तो जोडलेला असतो, नोकरीच्या ठिकाणच्या सामुदायिक विम्यात अंतर्भूत असतो, किंवा गृहकर्ज घेतेवेळी बँकेने पुढे केलेल्या कागदांच्या चळतीत एक सही करवून कोणी तो गळ्यात घातलेला असतो. आपण ज्याला मेडिक्लेम म्हणतो त्याहून हा सर्वथा भिन्न. मेडिक्लेम रुग्णालयाच्या बिलांची भरपाई करतो. हा विमा बिल विचारीत नाही, व्याख्येत बसणारे निदान झाले की ठरलेली रक्कम एकवट देतो. म्हणूनच दोन्हीकडे दावा करण्यात काही गैर नाही. मूळ बिले मेडिक्लेमकडे जावीत आणि इकडे त्यांच्या साक्षांकित नकला.

आता ‘व्याख्येत बसणारे निदान’ हे शब्द मी सहज उच्चारले, पण सगळी मेख तेथेच आहे. विमा नियामक प्राधिकरणाने गंभीर आजारांच्या ज्या प्रमाण व्याख्या घालून दिल्या आहेत, त्यांत कर्करोगाची व्याख्या अशी आहे की दुष्ट पेशींची अनिर्बंध वाढ झालेली असावी, त्यांनी आसपासच्या निरोगी ऊतींत शिरकाव करून त्यांचा नाश केलेला असावा, आणि या गोष्टीला सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा पुरावा असावा. आणि लगोलग अपवादांच्या यादीत, जेथून उगम झाला तेथेच थांबलेला, म्हणजे ‘इन सिटू’ अवस्थेतला स्तनाचा कर्करोग नावानिशी वगळलेला आहे. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, डॉक्टरांची चिठ्ठी यांपैकी कशानेही दावा सिद्ध होत नाही. तो सिद्ध होतो तुकडा तपासणीच्या अहवालाने, आणि त्यातही ‘इनव्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’ असे लिहिले आहे की ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’ असे, यावरून. विम्याच्या गणिताला या भेदाचे समर्थन करता येते, कारण दुसऱ्या प्रकारात जिवाला धोका फारच अल्प. परंतु त्या अल्प धोक्याच्या रोगासाठीसुद्धा काही स्त्रियांना अख्खा स्तन गमवावा लागतो, आणि त्यांनी कंपनीकडे पाहावे तो कंपनी सांगते की हा आमच्या लेखी कर्करोगच नव्हे! काही नव्या पॉलिसींत अशा प्रारंभिक अवस्थेसाठी विमारकमेचा काही अंश देण्याची सोय झाली आहे, ती इष्टच आहे, पण जुन्या पॉलिसीधारकांना तिचा उपयोग नाही.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. सुईने काढलेला पहिला तुकडा हा गाठीचा एक लहानसा अंश असतो. त्यात ‘इन सिटू’ एवढेच आढळले, तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या संपूर्ण गाठीच्या तपासणीत रोग पुढे सरकलेला आढळणे हे पुष्कळदा घडते. तेव्हा पहिल्याच अहवालावर घाईने दावा गुदरून नकार पदरात घेण्यापेक्षा, कंपनीला आजाराची खबर लेखी देऊन ठेवावी आणि अंतिम अहवाल हाती येईपर्यंत धीर धरावा. उलट पहिल्याच अहवालात शिरकाव स्पष्ट असेल, तर केमोथेरपी संपण्याची वाट पाहण्याचे काहीच प्रयोजन नाही. कित्येक जणी सर्व उपचार आटोपल्यावर, वर्षभराने, सगळी बिले एकत्र बांधून कंपनीच्या दारी जातात; जो पैसा आजारपणात हवा होता तो आजारपण सरल्यावर मागतात. उशीर झाला एवढ्याच सबबीवर खरा दावा फेटाळू नये अशी ताकीद नियामकाने २०११ सालीच कंपन्यांना दिलेली आहे, ही गोष्ट निराळी.

दाव्यांच्या कागदांत ज्यांचा जन्म गेला अशा माणसांपैकी मी एक आहे, आणि म्हणून सांगतो की कागदांची फाईल उघडल्यावर आमची नजर प्रथम रोगाच्या नावाकडे जात नसे. ती जाई तारखांकडे. या विम्यात पॉलिसी सुरू झाल्यापासून साधारणतः पहिल्या नव्वद दिवसांत उद्भवलेला आजार ग्राह्य धरीत नाहीत, आणि हा आजार उद्भवला केव्हा हे केवळ निदानाच्या तारखेवरून नव्हे, तर पहिले लक्षण केव्हा दिसले त्यावरून ठरवण्याचा कंपन्यांचा प्रयत्न असतो. आता गर्दीने फुललेल्या बाह्यरुग्ण विभागात शिकाऊ डॉक्टर विचारतो, ‘गाठ कधीपासून?’ भेदरलेली बाई म्हणते, ‘असेल चार-सहा महिने’, आणि तो केसपेपरवर ‘सहा महिने’ असे लिहून मोकळा होतो. त्या दोन शब्दांनी नंतर लाखो रुपयांचा निवाडा होतो. म्हणून डॉक्टरांना जे खरोखर आठवते तेच सांगावे, अंदाजाने महिने वाढवू नयेत, तसे कमीही करू नयेत. आणि नोंद चुकीची झाली असेल तर कागदावर खाडाखोड न करता, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचे सहीशिक्क्यानिशी पत्र घ्यावे. निदानानंतर विमेदार ठराविक दिवस, बहुधा तीस, हयात असला पाहिजे अशीही एक अट जुन्या पॉलिसींत असते. ती कानाला क्रूर वाटते, पण आयुर्विम्यापासून हा विमा वेगळा राखण्यासाठी ती घातली गेली, आणि नव्या पॉलिसींत तो काळ कमी होत चालला आहे.

दुसरी तारीख असते प्रस्तावपत्राची. लंडनच्या न्यायासनावरून लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली एका खटल्यात हे तत्त्व सांगितले की विमा उतरवणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेली महत्त्वाची हकीकत विमा कंपनीपासून लपवू नये, आणि त्याच तत्त्वावर आजही निम्मेअधिक वाद उभे राहतात. आपल्याकडे प्रस्तावपत्र भरतो एजंट. चहा येईपर्यंत सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही, नाही’ अशा खुणा करून तो सहीची जागा दाखवतो, आणि बाई सही करते. पूर्वी छातीतली एखादी साधी गाठ काढलेली असते, थायरॉईडची गोळी चालू असते, आईला किंवा मावशीला हाच आजार झालेला असतो. यातले काहीच कागदावर येत नाही. दोष एजंटाचा, पण सही आपली, असा हा मामला! मात्र या बाबतीत कायदा विमेदाराच्या अगदीच विरुद्ध नाही. आयुर्विम्याची पॉलिसी, आणि तिला जोडलेला रायडर, तीन वर्षे पुरी झाल्यावर कोणत्याही कारणावरून वादग्रस्त ठरवता येत नाही असे १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम आज सांगते. आणि स्वास्थ्यविम्यात सलग साठ महिने पूर्ण झाले की सिद्ध झालेली फसवणूक वगळता जुन्या माहितीचे खुसपट काढता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, ती २०२४ मध्ये पाचांवर आली.

कागदपत्रांविषयी फार बोलण्याजोगे नाही: दाव्याचा अर्ज, पॉलिसी, तुकडा तपासणीचा अहवाल, पहिल्या भेटीचा केसपेपर, रुग्णालयातून सुटतानाचा गोषवारा, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, ओळखीचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश. प्रत्येक कागदाची नक्कल ठेवावी, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. कंपनीचा तपासनीस घरी आला तर त्याला सौजन्याने बसवावे, विचारले त्याचे उत्तर द्यावे. पण मूळ कागद त्याच्या हवाली करू नयेत आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच देऊ नये. आणि हे सगळे रुग्णेने स्वतः करू नये. भाऊ, दीर, भाची, शेजारच्या बँकेतून निवृत्त झालेले काका, जो कोणी नेटका असेल त्याने हे दफ्तर आपल्याकडे घ्यावे. केमोच्या तिसऱ्या दिवशी ओकाऱ्यांनी गळून गेलेल्या बाईला दूरध्वनीवर पॉलिसी क्रमांक पुन्हा पुन्हा सांगायला लावणे हा मला तरी एक प्रकारचा अत्याचार वाटतो.

दावा नामंजूर झालाच तर नकाराचे कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागावे, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत; पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याचा निवाडा ते करतात, फी लागत नाही, आणि वकील तेथे चालत नाही, ही माझ्या मते त्या व्यवस्थेची सर्वांत सुंदर बाजू. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर मात्र नाही. तिचे समाधान झाले नाही तर ग्राहक आयोगाचे दार तिला उघडेच राहते.

रक्कम मंजूर होऊन खात्यात जमा झाली की मग एक निराळाच प्रश्न उपस्थित होतो, ज्याविषयी कोणत्याही माहितीपत्रकात चकार शब्द नसतो. दहा लाख रुपये घरात आले आहेत हे कळताच घराच्या कर्जाला, दिराच्या दुकानाला, मुलाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाला एकाएकी पंख फुटतात, आणि ती बाईही, आपल्यामुळे घराला केवढा भुर्दंड, या भावनेने, मान डोलावते. माझे मत स्पष्ट आहे: ही रक्कम प्रथम तिची. हिचे प्रयोजन रुग्णालयाचे देणे फेडणे एवढेच नसून, तिला नोकरीवरून बिनपगारी रजा घेता यावी, स्वयंपाकाला बाई ठेवता यावी, परगावाहून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना महिना-दोन महिने मुंबईत खोली घेऊन राहता यावे, हे आहे. त्यातून हा आजार शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. गाठीच्या तपासणीत हर-टू हा घटक आढळला तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शने बहुधा वर्षभर चालतात, आणि गाठ संप्रेरकांवर वाढणारी असेल तर रोजची गोळी पाच वर्षे, कित्येकदा दहा वर्षेही घ्यावी लागते. पैसा पुरवून खायचा तो एवढ्या काळापर्यंत.

आणखी एक. पूर्ण रक्कम दिली की गंभीर आजाराची ही पॉलिसी बहुधा तेथेच समाप्त होते, आणि यापुढे त्या स्त्रीला नवा विमा मिळणे कठीण जाते. अशा वेळी घरातला जुना मेडिक्लेम हाच तिचा उरलेला आधार असतो. गेल्या वर्षी दावा केला होता एवढ्या कारणावरून कंपनीला त्याचे नूतनीकरण नाकारता येत नाही. पण आपणच हप्ता चुकवला, आणि वार्षिक हप्त्याला मिळणारी तीस दिवसांची सवलतही उलटून गेली, तर कंपनीवर तिला पुन्हा पदरात घेण्याचे बंधन राहत नाही. म्हणून आलेल्या रकमेचे वाटप ठरवण्यापूर्वी पुढील काही वर्षांचे मेडिक्लेमचे हप्ते तिच्याच खात्यात बाजूला काढून ठेवावेत, आणि नूतनीकरणाची तारीख, औषधांच्या वेळा जेथे लिहून लावल्या असतील तेथेच, ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.