हाराल्ड बोर : मैदान आणि गणित



खेळात रमलेला मुलगा अभ्यासात मागे पडावयाचाच, असे अनेक पालक मानतात. या समजुतीची पारख करताना डेन्मार्कचे गणितज्ञ हाराल्ड बोर यांचे चरित्र ध्यानात घेण्याजोगे आहे.

बोर यांचा जन्म १८८७ साली कोपनहेगन येथे झाला. त्यांचे थोरले बंधू नील्स हे पुढे १९२२ च्या पदार्थविज्ञानातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. दोघेही फुटबॉलपटू, नील्स गोलरक्षक, तर हाराल्ड मधल्या फळीत. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हाराल्ड डेन्मार्कच्या संघातून खेळले. फ्रान्सविरुद्धच्या एका सामन्यात या संघाने १७-१ असा विजय मिळविला; अंतिम सामन्यात मात्र ब्रिटनकडून ०-२ अशी हार पत्करून रौप्यपदक स्वीकारले. १९१० साली हाराल्ड यांनी डॉक्टरेटच्या प्रबंधाचे जाहीर समर्थन केले, तेव्हा श्रोत्यांत गणितज्ञांपेक्षा फुटबॉलप्रेमींचीच गर्दी अधिक होती, असे सांगतात.

'जवळजवळ आवर्ती फलने' हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होय. दोन झोपाळे निरनिराळ्या गतीने हलत आहेत अशी कल्पना करावी. त्यांच्या हेलकाव्यांच्या काळांचे प्रमाण पूर्णांकांत मांडता येत नसेल, तर आरंभीची स्थिती हुबेहूब पुन्हा कधीच येत नाही. तथापि तिच्या अगदी जवळची स्थिती वारंवार येत राहते. अशा पुनरावृत्तीचे शास्त्र बोर यांनी १९२० नंतरच्या दशकात उभारले.

त्यांची खरी कसोटी पुढेच लागली. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवट आली आणि अनेक विद्वान वंशभेदापायी पदांस मुकले. बोर यांनी आपल्या परदेशी परिचयांचा उपयोग करून कित्येक गणितज्ञांना अन्य देशांत आश्रय व काम मिळवून देण्यासाठी झीज सोसली. गणितातही वंशभेद मानणाऱ्या मताचा त्यांनी १९३४ साली वृत्तपत्रातून उघड निषेध केला. १९४३ साली त्यांना स्वतःलाच स्वीडनमध्ये आश्रय घ्यावा लागला. १९५१ साली ते निवर्तले.

मैदानाने बोर यांना गणितापासून तोडले नाही, आणि गणिताने माणसांपासून तोडले नाही. तेव्हा उदाहरण चुकले म्हणून एखाद्या मुलाचा खेळाचा तास काढून घेण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे. पाटी आणि चेंडू एकाच हातांत शोभतात.