लाकूड राखण्याचा धंदा



वसंतातल्या या व्याख्यानांतून साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे थोर विषय आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंगतीला आज लाकडासाठी पाट मांडला, याबद्दल चालकांचे आभार मानले पाहिजेत. जुन्या लाकडाची डागडुजी करणे आणि ते राखणे हा आमचा धंदा. नवे घर उभे राहते तेव्हा सुताराला पेढे मिळतात. आम्हाला बोलावणे येते ते खांब हलू लागला म्हणजे. वैद्यात आणि आमच्यात फरक एवढाच, की आमचा रोगी कण्हत नाही, आणि त्याचे नातेवाईक "अजून चार वर्षे सहज जाईल की हो!" असे उलट आम्हालाच समजावतात.

या धंद्याचे सगळे व्याकरण शिकायचे तर जोतिबाच्या डोंगरावर जावे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो डोंगर चढलेला आहे. पण दर्शनाच्या घाईत तिथले लाकूड कोणी पाहत नाही. मुख्य देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधविले, रामलिंगाचे १७८० चे, केदारेश्वराचे दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये उभारलेले. ही सगळी काळ्या दगडाची कामे. दोनशेहून अधिक पावसाळे त्यांनी अंगावर घेतले आणि ती उभी आहेत. परंतु दगडाच्या देवळाभोवती जी वस्ती असते ती लाकडावर उभी असते. खांब, तुळया, कडीपाट, चौकटी, दारे हा त्या घरांचा सांगाडा. आणि डोंगराची उंची तीन हजार फुटांच्या घरातली. मृग लागला की पश्चिमेचा वारा पाऊस आडवा मारतो, ढग अंगणात येऊन बसतात, आणि पुढे कित्येक दिवस दाराची फळी सुकत म्हणून नाही.

आता लाकूड मरते कशाने? वयाने मरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नव्हे. लाकूड म्हातारपणाने मरत नाही. ते पाण्याने मरते. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या शेकडा वीस भागांहून कमी ओल त्यात असेल, तर कुजविणाऱ्या बुरशीला तिथे संसार थाटता येत नाही. ओल त्यापलीकडे गेली आणि टिकून राहिली, की बुरशी आत शिरते. वाळवीचेही तसेच. आपल्याकडची वाळवी जमिनीतून येते, मातीचे बोगदे बांधीत येते, आणि ओलसर, अंधाऱ्या वाटेने चढते. म्हणून खांब वर कितीही देखणा असो, आम्ही आधी त्याच्या पायाशी वाकतो. टोच्याने टोचून पाहतो. टणक लाकूड टोच्याला उलट उत्तर देते. कुजलेले निमूटपणे वाट देते.

आपल्या जुन्या कारागिरांना बुरशीचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिची चाल ठाऊक होती. त्यांनी लाकडी खांब कधी मातीत पुरला नाही. खाली दगडी तळखडा दिला. पागोळीचे पाणी भिंतीवर येऊ नये म्हणून वळचण पुढे काढली. बांधकामाला सागाचा लाल गाभा घेतला आणि बाहेरचे पांढरे लाकूड टाकून दिले, कारण सागाचे जे अंगचे तेल वाळवीला नकोसे होते, ते त्या पांढऱ्या भागात जवळजवळ नसतेच. पुढे काय झाले? घरात फरशी घालताना कोणीतरी जमीन वीतभर उचलली, तळखडा फरशीखाली गाडला गेला, आणि दोनशे वर्षे कोरडा राहिलेला खांब ओल्या भरावात उभा राहिला. असल्या सुधारणांवर आमचे पोट चालते, असे म्हटले तरी चालेल.

यावरून आमच्या धंद्यातील मुख्य गोष्ट ध्यानात येईल. गिऱ्हाईक येते ते चकाकी मागायला. "असे पॉलिश करा की आरशासारखे दिसले पाहिजे." वास्तविक, पॉलिशने लाकूड दिसते, जगत नाही. बाहेरच्या लाकडावर व्हार्निशचा जाड थर दिला तर पहिल्या वर्षी शेजारी चौकशी करतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या थराला केसाएवढ्या भेगा पडतात. पावसाचे पाणी भेगेतून आत जाते आणि त्याच थराखाली अडकून पडते. हल्ली बंगल्यांच्या बागेत लाकडी फळ्यांचा ओटा करतात, त्याला डेक म्हणतात. त्याची रड हीच. फळीला फळी घट्ट भिडवलेली आणि वर काचेसारखे व्हार्निश! दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट ठेवा, खाली वारा खेळू द्या, आणि दरसाल उन्हाळ्यात घासून जवसाच्या तेलाचा हलका हात फिरवा. एवढ्याने ते लाकूड पुष्कळ वर्षे टिकेल. परंतु "दरसाल" हा शब्द ऐकला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो, आणि "एकदा करा, कायमचे विसरा" असे सांगणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे काम जाते.

असे काम हातचे जाऊ द्यावे काय? आमचे उत्तर असे, की जाऊ द्यावे. कायमची हमी देणारा पैसे एकदाच घेतो, हे खरे. पण लाकूडही तो एकदाच पाहतो. हा धंदा चकाकी विकण्याचा नाही, परत येण्याचा आहे. ज्या घरात आपण गेल्या वर्षी हात लावला, तिथे यंदा मृगापूर्वी जाऊन कौल सरकले आहे का, पन्हळ तुंबली आहे का, खांबाच्या पायाशी मातीचा बोगदा दिसतो का, एवढे पाहून येणे, हे आमचे खरे भांडवल. त्या फेरीचा आकार थोडा असतो. पण दहा घरांची फेरी बांधली गेली की कारागिरांच्या चुली बाराही महिने पेटतात.

कारण आमचे वर्ष आठच महिन्यांचे. पावसाळ्यात स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे पॉलिश हवेतली ओल धरते आणि पांढुरके पडते. बाहेरची कामे तर बंदच. म्हणून आषाढ-श्रावणात दारे-खिडक्या उतरवून छपराखाली आणाव्यात, सांधे करावेत, पुढच्या हंगामाच्या फळ्या थप्पी लावून सुकवाव्यात. चार महिने कारागिराला घरी बसविले, तर दसऱ्याला तो परत येईलच असे नाही. शहरात प्लायवूडचे काम त्याची वाट पाहत असते, आणि जुन्या तुळईला जोड देण्याची कला प्लायवूडवर शिकता येत नाही.

दुसरी अडचण किंमत सांगण्याची. पॉलिशचा भाव चौरस फुटावर सांगता येतो. कुजलेल्या लाकडाचा सांगता येत नाही, कारण फळी उचलल्यावाचून खाली काय आहे ते कळत नाही. म्हणून सचोटीचा मार्ग दोन टप्प्यांचा: आधी उघडून पाहण्याची मजुरी, मग घरमालकाला समोर उभे करून, दाखवून, उरलेल्या कामाचा अंदाज. सबंध खांब बदलण्यात आमचा नफा अधिक असतो, हेही सांगून टाकतो. पण पायाचे दोन फूट कुजले असतील तर दोनच फूट कापावे, त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा जोड द्यावा आणि वरचे आठ फूट वाचवावे. जो हे करतो त्याच्यावर मग घरचा माणूस म्हणून विश्वास टाकतात.

जोतिबावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती गुलाल. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेआधी दार नवे दिसावे असे प्रत्येकाला वाटते. पण तेल ओले असताना गुलाल बसला तर तो लाकडाच्या रंध्रांत कायमचा मुरतो. म्हणून यात्रेच्या तोंडावरचे काम घेऊ नये. पाडव्यापूर्वीच हात आवरावा. यात्रेनंतर ओले फडके तर मुळीच लावू नये. आधी कोरड्या कुंच्याने झाडावे, कारण पाण्याने रंग सुटतो आणि आत उतरतो.

त्याच यात्रेत मानाच्या शंभरावर सासनकाठ्या डोंगरावर नाचतात. ही काठी बांबूची. बांबूच्या पोटात पिष्ट असते आणि त्यावर भुंगेरे टपलेले असतात. राखणीवाचून त्याचा भुगा व्हायला वेळ लागत नाही. तरी गावोगावच्या काठ्या वर्षभर जपल्या जातात, कारण त्या कोणाच्या तरी ताब्यात असतात. ज्या वस्तूला मान आहे तिला राखणदार आहे. आपल्या वाड्यांना मान पुष्कळ, पण राखणदार कोण? पाच भावांचा वाडा आणि गळते कौल सहाव्याचे, अशी स्थिती. शेवटी वाडा पाडतात आणि त्याचेच सागवान जुन्या बाजारात चढ्या भावाने विकले जाते. म्हणजे लाकडाची किंमत आम्हाला कळते, पण ते घरातून गेल्यावर!

हे घरांपुरतेच नाही. अंबाबाईच्या देवळातल्या एकोणिसाव्या शतकातील गरुड मंडपाचे लाकडी खांब पोखरल्याचे आढळले आणि २०२४ मध्ये तो उतरवून नव्याने उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळी, १९१५ मध्ये, पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली ती वास्तू एका रात्रीत करवंटीसारखी झाली. लाकूड राखायचे तर पाण्याइतकाच अग्नीचाही धाक हवा. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, हे कित्येक कारागिरांनाही ठाऊक नसते. ती मोकळी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांच्या कारागिरांनी मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका बांधली. इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे कित्येक वर्षे खपून तिची दुरुस्ती झाली, ती २००१ मध्ये पुरी झाली, आणि ते जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. त्यातले मूळ सागवान बऱ्याच प्रमाणात तसेच आहे. जहाजावर तक्तपोशीची निगा ही चैन नसते. वरची फळी गळली तर खालची तुळई जाते आणि तुळई गेली तर माणसे जातात, हे खलाशाला पक्के ठाऊक असते. आपल्या घरावर पाऊस कमी पडतो असे नाही. आपल्याला बुडायला वेळ अधिक लागतो, इतकेच.

तेव्हा श्रोतेहो, आम्हाला बोलावण्याआधी आपणच चार गोष्टी करा. मृगापूर्वी कौले आणि पन्हळी पाहा. खांबाच्या पायाशी माती, रद्दी, लाकूडफाटा साचू देऊ नका. वर्षातून एकदा माळ्यावर दिवा घेऊन चढा. आणि वाडा सामाईक असेल, तर भावाभावांनी भांडण खुशाल चालू ठेवावे, पण गळतीच्या दुरुस्तीची वर्गणी भांडणाबाहेर ठेवावी. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत घर उभे असले पाहिजे ना!